सूफी काव्याचे अनुवादित वाचन (मराठवाडा)

फार्सी, दखनी (दख्खनमधील उर्दूचे जुने रूप) आणि उर्दू भाषांतील सूफी कविता मराठी, हिंदी किंवा इंग्रजी अनुवादाच्या आधाराने वाचण्याचा प्रघात. मराठवाड्यापुरता त्याचा वेगळा विचार करावा लागतो, कारण येथील वाचक ज्या काव्याकडे अनुवादातून जातो, त्यातील बराच भाग त्याच्याच मुलखात रचला, गायिला किंवा ऐकला गेला आहे.

या काव्याचे येथील जुने केंद्र म्हणजे दौलताबादेजवळचे खुलताबाद (रौझा). महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दौलताबादला राजधानीचा दर्जा दिला, तेव्हा दिल्लीहून आलेल्यांत तेथील सूफी संत निजामुद्दीन अवलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) होते. चौदाशे वली (सूफी संत) एकदम दक्षिणेत आले, ही दंतकथा संख्येच्या दृष्टीने प्रमाण मानता येत नाही. निजामुद्दीनांची संभाषणे ‘फवाइद-उल-फुआद’ या ग्रंथात नोंदवणारे फार्सी कवी अमीर हसन सिजझी यांची कबरही खुलताबादलाच आहे. बुऱ्हाणुद्दीनांच्या बैठकींचे वृत्तांत काशानी बंधूंनी लिहून ठेवले. त्यांवरून दिसते की कविता तेव्हा पोथीत वाचण्यापेक्षा ‘समा’मध्ये, म्हणजे सूफींच्या गायन-श्रवणाच्या बैठकीत, ऐकली जाई आणि शृंगारिक ओळीचा अर्थ ऐकणारा ईश्वराकडे लावून घेई. एका अर्थी अनुवादाचे काम श्रोताच करीत होता.

मराठीत हे विचारधन प्रथम केव्हा उतरले, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक शेख महंमद यांच्या ‘योगसंग्राम’ ग्रंथाकडे (सामान्यतः १६४५) बोट दाखवतात. त्यांचा वास श्रीगोंद्यास असला तरी परंपरा त्यांचे मूळ बीड भागात सांगते. त्यांचे गुरू चांद बोधले हे कादरी पंथाचे सूफी होते, आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांनाही त्यांचाच उपदेश होता, असे रा. चिं. ढेरे यांच्यासह अनेकांचे प्रतिपादन आहे. काही सांप्रदायिक अभ्यासकांना ते मान्य नाही. दौलताबादचा परिसर आणि गुरुपरंपरांतील नावे पाहता ढेरे आदींचे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र ‘योगसंग्राम’ला अनुवाद म्हणता येणार नाही. ती मराठी संतपरंपरेच्या भाषेतली स्वतंत्र रचना आहे.

आधुनिक अर्थाने अनुवादाची गरज निर्माण झाली ती शिक्षणाची भाषा बदलल्यामुळे. निजामी राज्यात १८८४ च्या सुमारास फार्सीच्या जागी उर्दू राजभाषा झाली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. त्यामुळे १९४८ पूर्वी शिकलेला मराठीभाषक मराठवाडी मनुष्य वली किंवा सिराज हे औरंगाबादचे जुने कवी मुळातून वाचू शके. त्याच्या नातवंडांना ती लिपी उरली नाही. या दोन पिढ्यांमधला दुवा म्हणजे निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४). सूफी संप्रदायावरील त्यांचा मराठी ग्रंथ आणि उर्दू काव्याचे त्यांनी करून दिलेले परिचय या वाचनाचा पाया ठरले. त्याआधी माधव जूलियन यांनी फार्सी-मराठी कोश (१९२५) सिद्ध केला होता. उमर खय्यामच्या रुबाया (चार ओळींच्या कविता) त्यांनी मूळ फार्सीवरून आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरूनही मराठीत आणल्या. खय्यामला सूफी मानावे की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी थेट अनुवाद आणि इंग्रजीच्या वळशाने आलेला अनुवाद यांत काय फरक पडतो, हे एकाच अनुवादकाच्या हातून पाहण्याची अशी सोय क्वचितच मिळते.

अनुवादातील मुख्य अडचण लिंगाची आहे. फार्सीत ‘ऊ’ हे तृतीयपुरुषी सर्वनाम पुरुष, स्त्री आणि ईश्वर यांना सारखेच लागते. मराठीत तो, ती, ते यांपैकी एक निवडावेच लागते आणि क्रियापदही त्याच्यामागे जाते. ‘तो’ लिहिले की कविता अभंगाकडे झुकते, ‘ती’ लिहिले की भावगीताकडे. मुळातील संदिग्धता, जी या काव्याचा प्राण आहे, दोन्हीकडे जाते. यातून वाट नाही असे नाही. ‘येईल’ हा भविष्यकाळ, ‘ये’ ही आज्ञा आणि ‘येई’ हा रीतिभूतकाळ मराठीतही लिंगनिरपेक्ष आहेत. कुशल अनुवादक या रूपांवर ओळ तोलतो.

दुसरी अडचण ओळखीच्या शब्दांची. फार्सीतून मराठीत रुळलेले शब्द अर्थ बदलून बसले आहेत. ‘हाल’ म्हणजे सूफींची भावावस्था, मराठीत हालअपेष्टा. ‘शौक’ म्हणजे ओढ, मराठीत हौस. ‘तमाशा’ म्हणजे पाहणे, देखावा. मराठीत काय, ते सांगायला नको. बुऱ्हाणुद्दीनांच्या नावातील ‘गरीब’चा मूळ अर्थ परका, परदेशी असा आहे. आपला मुलूख सोडून आलेला हा माणूस निर्धन एवढाच उरावा, हे वाचकाचे मोठे नुकसान आहे.

सिराज औरंगाबादी (जन्म १७१२ किंवा १७१५, मृत्यू १७६३-६४) यांनी तरुणपणी उन्मनी अवस्थेत बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्याभोवती अनेक रात्री काढल्याचे सांगतात. त्यांच्या सर्वपरिचित गझलेचा आरंभ असा:

खबर-ए-तहय्युर-ए-इश्क सुन, न जुनूँ रहा न परी रही
न तो तू रहा न तो मैं रहा, जो रही सो बेखबरी रही

‘ललगालगा’ या लगावलीची (लघु-गुरूंच्या क्रमाची) ओळीत चार आवर्तने, आणि ‘रही’ हा रदीफ, म्हणजे ओळीअखेरीस पुन्हा पुन्हा येणारा शब्द. मराठीत ‘राहणे’ की ‘उरणे’? ‘राहिली’ लिहिल्यास शब्द जवळचा मिळतो, पण लय जड होते. ‘ना तू उरलास, ना मी उरलो, उरले ते बेभानपण’ असे केल्यास रदीफ मोडतो, मात्र ‘आता उरलो उपकारापुरता’ हे तुकोबांचे ‘उरणे’ वाचकाच्या कानात आधीच असते आणि अर्थ खोल जातो. वृत्त गमावूनही ‘उरणे’ घ्यावे, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

जलालुद्दीन रूमी (१२०७–१२७३) मात्र मराठी वाचकाकडे पुष्कळदा अमेरिकन इंग्रजीतून पोचतो. त्यात सर्वाधिक खपलेली रूपांतरे कोलमन बार्क्स यांची असून ती फार्सीवरून नव्हे, जुन्या इंग्रजी अनुवादांवरून केलेली आहेत. त्यांत कुराणाचे आणि पैगंबराचे संदर्भ विरळ होतात. निकल्सन यांचा ‘मसनवी’चा संपूर्ण अनुवाद (१९२५–१९४०) रुक्ष असला तरी पडताळ्यासाठी तोच जवळ ठेवावा.

दखनी रचनांना अनुवाद सर्वांत कमी लागतो. ‘चक्कीनामा’ या प्रकारात जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ (अरबी लिपीतील पहिले, उभ्या रेघेसारखे अक्षर), अर्थात अल्लाह, आणि मधली खीळ म्हणजे पैगंबर अशी रूपके येतात. त्यांतील काही रचना बालपणाचा काळ दौलताबादेत घालवलेल्या सूफी संत ख्वाजा बंदेनवाज (मृत्यू १४२२) यांच्या नावावर आहेत. भाषा पाहता त्या नंतरच्या असाव्यात. दळणाऱ्या स्त्रियांसाठी रचलेली ही कविता मराठीत आणताना जात्यावरच्या ओवीचा साचा तयारच असतो, आणि दखनीने मराठीकडून घेतलेले ‘नको’ व ‘च’ अनुवादकाला जसेच्या तसे ठेवता येतात.