तळ्याला तळ असतो

“आमच्या तळ्याला तळच नाही, ते खालून समुद्राला जोडलंय,” असं कोकणात कितीतरी गावांत सांगतात.

असं वाटायला कारण आहे. दोरीला हलका दगड बांधून सोडला की होडी वाऱ्याने सरकते, दोरी तिरपी जाते, दगड मऊ गाळात अलगद रुततो. टेकल्याचं हाताला कळतच नाही. वारा पडलेला असताना दोनेक किलोचं वजन सोडा, दोरीला दर मीटरला गाठ मारा.

जोड खरंच असती, तर समुद्रसपाटीहून उंचावरचं तळं रितं झालं असतं. सखल तळ्याचं पाणी खारट लागलं असतं आणि साधारण दर १२ तास २५ मिनिटांनी भरतीसोबत चढलं असतं. उधाणाच्या दिवशी काठाशी खुणांची काठी रोवून तासातासाला पातळी लिहा.