पाळी चुकली म्हणून रक्त साठत नाही

मुलीची पाळी दोन महिने आली नाही की कुणीतरी म्हणतंच, "वाईट रक्त आत साठतंय." जन्मतः मार्गच बंद असण्याचा दुर्मीळ दोष सोडला, तर आत काहीही साठत नसतं. पाळीत जातं ते गर्भाशयाचं अस्तर आणि त्यासोबतचं साधं रक्त. त्यात वाईट काही नसतं.

मग अस्तर वेळेवर सुटत का नाही? पहिली पाळी साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी येते, पण तेव्हा यंत्रणा पुरती जुळलेली नसते. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत कित्येकदा बीजांड बाहेर पडतच नाही, आणि गोंधळाचं मूळ तिथे आहे.

मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच नावाचं संप्रेरक थेंबाथेंबाने, सुमारे तास-दीड तासाच्या अंतराने सुटतं. हे अंतर महत्त्वाचं. शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने 1978 मध्ये माकडांवर दाखवलं की हे संप्रेरक सलग दिलं तर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी गप्प होते, दर तासाला थोडं थोडं दिलं तर ती कामाला लागते. पिट्युटरीतून एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरकं सुटतात, त्यांच्यामुळे अंडाशयात बीजपुटिका, म्हणजे बीजांडाची पिशवी, वाढते आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होतं. एरवी इस्ट्रोजेन पिट्युटरीला आवरतं. पण त्याची पातळी जवळजवळ दोन दिवस चढीच राहिली की तेच इस्ट्रोजेन पिट्युटरीला उचकवतं! एलएचचा लोंढा येतो आणि सुमारे दीड दिवसात बीजांड सुटतं. मला या सगळ्यात हीच उलटी कलाटणी सर्वांत विलक्षण वाटते. मुलगी वयात येताना ती सर्वांत शेवटी पक्की होते.

बीजांड सुटल्यावर मागे राहिलेला पीतपिंड प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करतो. ते अस्तराला सावरून धरतं. साधारण चौदा दिवसांनी पीतपिंड विरतो, प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि पाळी येते. बीजांडच सुटलं नाही तर पीतपिंड नाही, प्रोजेस्टेरॉन नाही, म्हणजे तारीख ठरवणारं घड्याळच नाही. नुसत्या इस्ट्रोजेनवर अस्तर वाढत राहतं आणि केव्हातरी तुकड्यातुकड्याने सुटतं. म्हणून लांबलेली पाळी आली की कधीकधी जास्त दिवस आणि जास्त जाते. मोबाइलवरचं ॲप पुढची तारीख छातीठोकपणे सांगतं, पण ते मागच्या तारखांची सरासरीच काढत असतं.

पहिल्या पाळीनंतरच्या वर्षात दोन पाळ्यांमधलं अंतर बरंच मागेपुढे होतं. पुढच्या दोन वर्षांत 21 ते 45 दिवस चालतं. तीन वर्षांनंतर मात्र ते 35 दिवसांच्या आत यायला हवं. खाणं फार कमी झालं, वजन झपाट्याने उतरलं, व्यायामाचा किंवा मनाचा ताण वाढला, तर हायपोथॅलॅमसचे ठोकेच मंदावतात. थायरॉइडही कारण असू शकतं. सोनोग्राफीत पुष्कळ बीजपुटिका दिसल्या म्हणून लगेच 'पीसीओडी' या अंडाशयाच्या विकाराचा शिक्का मारणं मला मुळीच पटत नाही. या वयात त्या तशाही भरपूर असतात, म्हणून पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफीवर विसंबू नये असं मानतात. नको तिथे केस आणि हट्टी मुरुमंही असतील, तर रक्ततपासणी करून घ्यावी.

पाळी तीन महिन्यांहून अधिक लांबली, सात दिवसांपुढे चालू राहिली, तासा-दोन तासांत पॅड भिजू लागलं, किंवा पंधरा पूर्ण होऊनही पहिली पाळी आलीच नाही, तर डॉक्टरांकडे जावं. लैंगिक संबंध आलेला असेल तर आधी गर्भचाचणी. पहिल्याच पाळीपासून फार रक्त जात असेल, तर रक्त गोठण्यातला जन्मजात दोषही तपासावा लागतो, आणि सोबत हिमोग्लोबिन.