लाराची खेळी सर्वांत मोठी, सर्वांत लांब नव्हे

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावरच्या गप्पांत एक समज पक्का बसलाय: कसोटीत सर्वाधिक वेळ चाललेली खेळी वेस्ट इंडिजच्या ब्रायन लाराचीच. तसं नाही. २००४ मध्ये अँटिग्वात नाबाद ४०० करायला लाराला ७७८ मिनिटं लागली; इंग्लंडचा लेन हटन तर १९३८ मध्येच ३६४ धावांसाठी ७९७ मिनिटं खेळला होता.

खरा विक्रम हनीफ मोहम्मदचा. जानेवारी १९५८, वेस्ट इंडिजमधलं ब्रिजटाउन. पाकिस्तान १०६ धावांत गारद, ४७३ची पिछाडी, वर फॉलोऑन, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजी. तिथून हनीफ ९७० मिनिटं, म्हणजे १६ तासांहून जास्त उभा राहिला, तेही हेल्मेटशिवाय! ३३७ धावा केल्या आणि सामना अनिर्णित राखला. मला ही खेळी चारशेपेक्षा थोर वाटते.

प्रथम श्रेणीत, म्हणजे कसोटीसह रणजीसारख्या सामन्यांत मात्र हिमाचलच्या राजीव नय्यरनं १९९९ मध्ये १०१५ मिनिटं फलंदाजी केली.