निळा ताईत: फायन्सचा की संगजिऱ्याचा?

प्राचीन इजिप्तचे बोटभर लांबीचे निळे-हिरवे ताईत, म्हणजे होरसचा डोळा, शेणकिडा, बुटका बेस देव, काचेमागे ओळीनं मांडलेले पाहिले की सगळे भाजलेल्या मातीचेच वाटतात. माती मात्र बहुतेकांत नसतेच, आणि सगळे एका जातीचेही नसतात.

बरेचसे फायन्सचे असतात. गारगोटीची पूड किंवा वाळू, थोडा चुना, नॅट्रॉन नावाचा खार किंवा वनस्पतींची राख आणि रंगासाठी तांबं, एवढाच ऐवज. हा लगदा मातीसारखा वळत नाही, जास्त वाकवला की भेगाळतो. म्हणून मोदकासारखा तो साच्यात दाबत. अमार्ना या प्राचीन इजिप्शियन शहराच्या उत्खननात असे मातीचे साचे हजारोंनी सापडले. खरी गंमत पुढे आहे. लगदा वाळताना त्यातले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येऊन बसतात आणि भट्टीत वितळून त्यांचीच काच होते. झिलई वेगळी लावावीच लागत नाही! झिलईच्या आणखीही दोन पद्धती होत्या, पण मला ही सर्वांत चतुर वाटते.

दुसरी जात संगजिऱ्याची, म्हणजे सोपस्टोनची. हा मुळात दगड, पण इतका मऊ की नखानंही ओरखडा उमटतो. तो कोरायचा, वरून झिलई द्यायची आणि भाजायचा. भट्टीतून निघतो तो चांगला कठीण होऊन. ही युक्ती फायन्सहून जुनी, इ.स.पू. ४००० च्या आधीच्या, इजिप्तमधल्याच बदारी संस्कृतीतही असे मणी मिळतात. शेणकिड्याच्या पोटावर बारीक चित्रलिपी कोरायला हाच दगड सोयीचा. तिसऱ्या आमेनहोतेप या राजानं आपण शंभरावर सिंह मारल्याची जाहिरात केली तीही अशाच मोठ्या शेणकिड्यांवर.

ओळखायचं तर तुटकी कड बघा. फायन्स आतून रवाळ, वाळूसारखा दिसतो. संगजिरं घट्ट आणि गुळगुळीत. पाठ सपाट, कडा बोथट असतील तर बहुधा साच्यातला फायन्स. रेषा धारदार, पण निळाई उडून पांढरट-तपकिरी अंग उघडं पडलेलं असेल तर संगजिऱ्याची शक्यता जास्त.

दोघांनाही स्वस्तातली नक्कल म्हणायची सवय आहे, कारण लाजवर्द हा अस्सल निळा मौल्यवान दगड थेट अफगाणिस्तानातून यायचा. मला ते पटत नाही. सक्काराला जोसेर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखालच्या दालनांच्या भिंती फायन्सच्याच निळ्या फरशांनी मढवल्या आहेत. राजाला काटकसर करायची गरज नव्हती.