बुडणारं मूल ओरडत नाही

"मूल स्विमिंग पूलमध्ये पडलं तर आवाज येईलच," हा समज कर्जत-अलिबागच्या फार्महाउसांपर्यंत पसरलाय. तो जीवघेणा आहे. बुडताना तोंड पाण्याच्या वर-खाली होत राहतं. श्वासच पुरत नाही, तिथे हाक कुठून मारणार? हात आपसूक पाणी खाली दाबतात, मदतीसाठी हलत नाहीत.

म्हणून भिस्त कानांवर नको, कुंपणावर ठेवा. चारही बाजूंनी, घराच्या बाजूनेसुद्धा, किमान 1.2 मीटर उंच. उभ्या गजांत 10 सेंटिमीटरपेक्षा कमी फट. आडवे गज नकोत, मुलं त्यांवर चढतात. फाटक बाहेर उघडणारं, आपोआप मिटणारं, कडी दीड मीटरवर. स्प्रिंग गंजली की ते अर्धवट उघडं राहतं. दर महिन्याला तपासा. पोहून झाल्यावर खेळणी पाण्यातून काढाच, ती घ्यायला मूल परत येतं.