संभाव्यता भरपाई करत नाही

नाणेफेकीत सलग पाच वेळा छापा पडला की सहाव्या वेळी काटा पडण्याची शक्यता वाढते, असे पुष्कळ सुशिक्षित माणसांनाही मनापासून वाटते. याच समजापायी १९१३ साली माँटे कार्लोच्या कॅसिनोत अनेकांनी मोठ्या रकमा गमावल्या. रूलेटच्या चक्रावरील चेंडू तेथे सलग २६ वेळा काळ्या घरात थांबला आणि ‘आता लाल येणारच’ या खात्रीने लोक लाल रंगावर पैसे लावत राहिले. अशा चक्रावर ३७ घरे असतात व त्यांपैकी १८ लाल असतात. म्हणून लाल येण्याची संभाव्यता पहिल्या फेरीत जेवढी, म्हणजे १८/३७, तेवढीच ती सत्ताविसाव्या फेरीतही होती.

एखादी घटना घडणे कितपत शक्य आहे, हे ० ते १ यांमधील संख्येने मोजणे म्हणजे संभाव्यता, हे आपण शाळेत शिकतो. नाण्याच्या बाबतीत ही संख्या १/२ असते. पण पुढच्या फेकीत काय पडेल हे जर ती सांगत नसेल, तर ती नेमके काय सांगते? याचे उत्तर याकोब बर्नुली यांनी सिद्धतेसह दिले आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर, १७१३ मध्ये प्रसिद्ध झाले: फेकींची संख्या वाढत जाते तसे छाप्यांचे प्रमाण निम्म्याच्या जवळ राहण्याची शक्यता वाढत जाते.

येथे ‘प्रमाण’ या शब्दावर सारे अवलंबून आहे. पहिल्या दहाही फेकींत छापा पडला, असे समजू. पुढच्या १०,००० फेकींत सुमारे ५,००० छापे पडले, तर एकूण १०,०१० फेकींत ५,०१० छापे होतात, म्हणजे जवळपास ५०.०५ टक्के. सुरुवातीचे जास्तीचे छापे भरून काढण्यासाठी एकही जादा काटा पडलेला नाही. एवढ्या मोठ्या संख्येपुढे ते केवळ नगण्य ठरले.

याहून विलक्षण गोष्ट अशी, की प्रमाण निम्म्याकडे सरकत असतानाच छाप्यांच्या संख्येतील फरक वाढत जातो. प्रत्येक फेकीत छाप्यांची संख्या अपेक्षेपेक्षा १/२ ने जास्त किंवा कमी होते; या फरकाचा वर्ग १/४. फेकी परस्परांपासून स्वतंत्र असल्यामुळे हे वर्ग सरळ बेरजेने साठत जातात, म्हणून n फेकींनंतर एकूण फरकाच्या वर्गाची सरासरी n/४ होते आणि फरक साधारणपणे √n/२ एवढा असतो. १०० फेकींसाठी तो ५ येतो, १०,००० फेकींसाठी ५०. टक्क्यांत मात्र ५ वरून ०.५ वर उतरतो.

बरेच दिवस न लागलेला लॉटरीचा आकडा ‘आता लागणार’ म्हणून सांगणारे आणि शुभ अंकाचा सल्ला विकणारे याच गणिताविरुद्ध बोलत असतात. आधीच्या सोडतींचा परिणाम पुढच्या सोडतीपर्यंत पोहोचवणारी कोणतीही यंत्रणा अस्तित्वात नाही.

दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असलेले गणितज्ञ जॉन केरिच यांनी नाणेफेकीच्या १०,००० निकालांची नोंद केली. पहिल्या १०० फेकींत ४४ छापे पडले, म्हणजे निम्म्याहून ६ कमी. १०,००० फेकींअखेर ५,०६७, म्हणजे ६७ जास्त. संख्येतील फरक अकरा पटींनी वाढला आणि टक्क्यांतील फरक ६ वरून ०.६७ वर आला.