टप्पेनिहाय वाहनचालक परवाना
नवशिक्या, विशेषतः किशोरवयीन चालकाला गाडी चालविण्याची पूर्ण मुभा एकदम न देता ती सामान्यतः तीन टप्प्यांत देण्याची पद्धत. शिकाऊ टप्प्यात शेजारी अनुभवी परवानाधारक बसणे सक्तीचे असते. मधल्या टप्प्यात एकट्याने गाडी चालविता येते, पण रात्रीची वेळ, सोबतचे प्रवासी व मद्य यांबाबत निर्बंध असतात. शेवटी पक्का परवाना मिळतो.

या पद्धतीचा आरंभ कोठे झाला, याबाबत मतभेद आहेत. तिची तात्त्विक मांडणी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधक पॅट्रिशिया वॉलर यांनी साधारणपणे १९७०च्या दशकाच्या आरंभी केली, असे मानतात. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने १९७९ मध्ये व कॅलिफोर्नियाने १९८३ मध्ये तिचे काही घटक उचलले. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात नवशिक्याच्या गाडीवर लावायची ‘पी’ पाटी १९६६ची, म्हणजे त्याहून जुनी. तथापि नव्या चालकावर नुसती खूण लावणे आणि त्याला जोखमीच्या प्रसंगांपासून दूर ठेवणे या वेगळ्या गोष्टी होत. त्यामुळे १ ऑगस्ट १९८७ रोजी तिन्ही टप्पे एकत्र राबविणाऱ्या न्यूझीलंडला अग्रमान देणे अधिक सयुक्तिक ठरते. कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांताने १९९४ मध्ये व अमेरिकेतील फ्लोरिडाने १९९६ मध्ये ही पद्धत स्वीकारली.

न्यूझीलंडमध्ये शिकाऊ परवान्याचे किमान वय २०११ मध्ये १५ वरून १६ केले गेले. मधल्या टप्प्यातील चालकाला रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने गाडी चालविता येत नाही आणि एरवीही मित्रांना गाडीत घेता येत नाही. किमान दोन वर्षे पक्का परवाना असलेली व्यक्ती शेजारी असल्यास दोन्ही बंधने शिथिल होतात. न्यू साउथ वेल्समध्ये २५ वर्षांखालील शिकाऊ चालकाला १२० तासांच्या सरावाची नोंदवही भरावी लागते. त्यांपैकी २० तास रात्रीचे असतात.

प्रवाशांवरील बंधनाला भक्कम आधार आहे. १६–१७ वर्षांच्या चालकाच्या मृत्यूचा धोका सोबतच्या प्रवाशांच्या संख्येबरोबर वाढतो, असे अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. एकूण परिणामाचे चित्र मात्र इतके सरळ नाही. मास्टेन, फॉस व मार्शल यांच्या २०११च्या अभ्यासात अमेरिकेतील कडक नियमांच्या राज्यांत १६ वर्षांच्या चालकांचे जीवघेणे अपघात कमी, पण १८ वर्षांच्यांचे अधिक दिसले. निर्बंध टाळण्यासाठी मुले १८ वर्षांची होईपर्यंत थांबतात व सरावाविना रस्त्यावर येतात, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण होय. सोळाव्या वर्षीचा लाभ बहुतेक परीक्षणांत टिकून राहतो.

भारतात मधला टप्पाच नाही, ही गंभीर उणीव आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार मोटारीसाठी किमान वय १८ असून शिकाऊ परवाना मिळाल्यावर किमान ३० दिवसांनी चाचणी देता येते. उत्तीर्ण झाल्यास थेट पक्का परवाना. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीची मुभा आहे, पण नेहमीच्या वापरातील बहुतेक स्कूटर १०० सीसीहून मोठ्या असल्याने ती प्रायः कागदावरच राहते. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ अन्वये अल्पवयीन चालकाच्या गुन्ह्याबद्दल पालक वा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.